कोयत्यामागे राहिलेली मुलं



 आईबाप आणि मुलं यांच्या नात्यावरची परिषद इथे बीडमध्ये कशाला, असं काहींनी फोनवर विचारलं. दिवाळी झाली की आमची गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेस्तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. तान्हं लेकरू फडावर कोपीत वाढतं. शाळेतलं बरेचदा आजीपाशी राहतं.

मग जानेवारीत गुरुजींची तक्रार येते. पोरगं मारामाऱ्या करतं, आणि आई दोन दिवसांसाठी आली तर तिच्याकडे बघतही नाही. याला आपण कोडगेपणा म्हणून मोकळे होतो. पण मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये वर्षाच्या आसपासच्या बाळांचं निरीक्षण केलं, तेव्हा आई खोलीत परतल्यावर काही बाळं तोंड फिरवत. वरून शांत दिसणाऱ्या अशा बाळांच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, हे पुढच्या संशोधकांनी मोजून दाखवलं.

लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींचा १९४४चा अभ्यास तर व्याख्यानांत हमखास येतो. चोरी करणारी ४४ मुलं. त्यांपैकी कुणाविषयीच माया न वाटणारी १४. आणि त्या १४पैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावलेले. पण १९५६चा अभ्यास सहसा कुणी सांगत नाही. चार वर्षांची होण्याआधी क्षयरोगाच्या रुग्णालयात राहिलेली ६० मुलं बोल्बी आणि सहकाऱ्यांनी शाळेच्या वयात तपासली. धोका असतो, पण भाकीत केलं होतं तितकी ती बिघडली नव्हती. ताटातुटीचे परिणाम आपण फुगवून सांगितले, हे त्यांनी मान्य केलं.

मला या दुसऱ्या अभ्यासाचं मोल अधिक वाटतं. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं फार सोपं असतं; तिने उचल काही हौसेने घेतलेली नसते. आजी खमकी असली, शाळेतल्या बाईंनी रोज नाव घेऊन चौकशी केली, फडावरून ठरल्या वेळी फोन आला, तर पोर सावरतं, हे आम्ही इथे पाहतो. मात्र एकट्या आजीवर सगळा भार टाकून सरकार आणि कारखान्यांना सुटता येणार नाही, हेही या मंचावरून बोललं जावं.

दुपारच्या सत्रात आज्या बोलतील. त्या बोलत असताना वेळेची घंटा वाजवू नये, अशी संयोजकांना विनंती. जेवणात बाजरीची भाकरी आणि ठेचा आहे; पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी दही वेगळं ठेवलंय.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, अशी विनंती करतो.