परक्या भांडवलाला सरकारी मदत : आयर्लंडचा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



युरोपातील एक छोटा देश, तेथे येणारे परदेशी भांडवल आणि शाळा चालविणारी आपली संस्था यांचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. तो संबंध ओघात स्पष्ट होईल. म्हणून मी सरळ विषयालाच हात घालतो.

जनतेच्या करातून जमलेला पैसा सरकारने बाहेरच्या धनवान कंपन्यांना अनुदान किंवा करमाफी म्हणून द्यावा काय? एक पक्ष म्हणतो, द्यावा. कारखाना आला तर हातांना काम मिळेल. दुसरा पक्ष म्हणतो, गरिबाच्या खिशातून काढून श्रीमंताच्या झोळीत टाकण्याचाच हा प्रकार आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच घोषणा बाजूला ठेवून हा प्रश्न तराजूत घालून पाहावा लागतो. त्यासाठी आयर्लंडइतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

स्वातंत्र्यानंतर आयर्लंडने स्वदेशी उद्योगांचे धोरण धरले. १९३२ साली कायदा करून कारखान्यांच्या परकीय मालकीवर बंधने घातली. हेतू चांगला होता; परंतु बाजारपेठ लहान, भांडवल तुटपुंजे आणि शेतीवर भार फार. १९५० ते १९६० या एका दशकात सुमारे चार लाख माणसे देश सोडून गेली. १९६१ च्या जनगणनेत सारी लोकसंख्या जेमतेम २८ लाख भरली. ज्या देशातली तरणीताठी मुले बोटीत बसून परमुलखाची वाट धरतात, त्या देशाच्या राज्यकर्त्यांना झोप लागू नये, हे योग्यच.

तेव्हा धोरण बदलले. १९५६ साली निर्यातीच्या नफ्यावर करसवलत आली आणि दोनच वर्षांत ती संपूर्ण करमाफी झाली. १९५८ साली अर्थखात्याचे सचिव व्हिटेकर यांच्या अहवालाने दारे उघडण्याची दिशा दाखवली. १९५९ साली शॅनन विमानतळाजवळ करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. १९४९ साली स्थापन झालेले औद्योगिक विकास प्राधिकरण परदेशी कंपन्यांना आमंत्रण देऊ लागले. यंत्रे, इमारती, कामगारांचे प्रशिक्षण अशा बाबींसाठी रोख अनुदानेही मिळू लागली. १९८० साली ॲपल कंपनी कॉर्क शहरी आली. १९८९ साली इंटेलने डब्लिनजवळ लेक्सलिपची निवड केली.

ही झाली जमेची बाजू. आता खर्चाची बाजू पाहू.

१९८२ साली ‘टेलेसिस’ या सल्लागार संस्थेने सरकारला एक परखड अहवाल दिला. परदेशी कारखाने येथे बहुधा जुळणीचे आणि मधल्या टप्प्याचे काम करतात. संशोधन, आराखडे आणि विक्रीची सूत्रे मायदेशीच राहतात. अनुदान मंजूर करताना जेवढ्या नोकऱ्यांचे आकडे कागदावर मांडले गेले, त्यांतल्या थोड्याच प्रत्यक्षात उतरल्या. देशी उद्योगांकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेले नाही. असा त्याचा मथितार्थ होता.

दुसरे उदाहरण लिमरिक शहराचे. डेल कंपनीचा संगणकाचा कारखाना हा त्या भागाचा मोठा आधार होता. २००९ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केले की उत्पादन पोलंडमधील लॉड्झ शहरी हलविणार. सुमारे १९०० माणसांच्या नोकऱ्या जाणार होत्या. गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, पुढेच आहे. लॉड्झच्या कारखान्यासाठी पोलंड सरकारने देऊ केलेल्या ५ कोटी ४५ लाख युरोंच्या मदतीला युरोपीय आयोगाने त्याच वर्षी संमती दिली. आणि लिमरिकच्या बेकार कामगारांना व पुरवठादारांच्या माणसांना नवी कौशल्ये देण्यासाठी युरोपीय निधीतून १ कोटी ४८ लाख युरोंची तरतूद झाली. म्हणजे एका हाताने कारखाना येण्यासाठी पैसा आणि दुसऱ्या हाताने तोच गेल्याच्या जखमेवर मलमपट्टी! देशादेशांत अशी चढाओढ लागली की लिलावात बोली लावणारे सरकार असते आणि माल घेऊन जाणारी कंपनी.

तिसरी गोष्ट ॲपलची. आयर्लंडने या कंपनीला बेकायदा करलाभ दिला, असा ठपका ठेवून युरोपीय आयोगाने २०१६ साली १३०० कोटी युरो वसूल करण्याचा आदेश दिला. आश्चर्य असे की, हा पैसा आम्हांला नको, असे सांगत आयर्लंडचे सरकार स्वतःच न्यायालयात गेले! कंपन्यांचा विश्वास उडेल ही त्यांची भीती. अखेर १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. ज्याला मदत द्यायची त्याच्याच भीतीने देणाऱ्याचे हात बांधले जातात, ते असे.

आकड्यांचीही भूल पडते. २०१५ साली आयर्लंडचे सकल देशांतर्गत उत्पादन एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाच्या ताटात तेवढी भाकरी वाढली नव्हती. काही बड्या कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तेथे हलवली होती. पुढे सांख्यिकी खात्याला खऱ्या स्थितीसाठी निराळे मोजमाप तयार करावे लागले.

मग मदत मुळीच देऊ नये काय? माझे मत तसे नाही. परंतु देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मदत दिली नसती तरी ही कंपनी आली असती काय? एका नोकरीमागे किती पैसा पडतो, आणि कंपनी शब्द मोडून गेली तर तो परत घेण्याची अट करारात आहे काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : कंपनी उद्या गेली तर आपल्या हाती काय उरेल?

या तिसऱ्या प्रश्नापाशीच आपल्या संस्थेचा संबंध येतो. आयर्लंडचे शिक्षणमंत्री डोनोह ओ’मॅली यांनी १९६६ साली मोफत माध्यमिक शिक्षणाची घोषणा केली आणि १९६७ पासून ती अमलात आली. खेड्यातील मुलांसाठी शाळेच्या बसगाड्या सुरू झाल्या. पाठोपाठ प्रादेशिक तंत्रशिक्षण महाविद्यालये निघाली. १९७२ साली खुद्द लिमरिकला उच्च शिक्षणाची नवी संस्था उघडली. तीच १९८९ साली विद्यापीठ झाली. डेलचा कारखाना गेला. विद्यापीठ जागेवरच राहिले. करमाफी दुसरा देशही देऊ शकतो, त्याहून अधिकही देऊ शकतो. शिकलेली पिढी मात्र एका रात्रीत कोणालाच उभी करता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही मागास भागात कारखाने यावेत म्हणून १९६४ पासून सवलतींच्या योजना चालत आल्या आहेत. आपल्या गावाजवळ उद्या एखादा कारखाना आला, तर त्याच्या फाटकावर आपली मुले पहारेकरी म्हणून उभी राहतील की आत यंत्रापाशी आणि आराखड्यापाशी, हे सवलतींच्या आकड्यावर ठरणार नाही. गणित आणि विज्ञानाच्या तासाला आपण काय शिकवतो, आणि दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवतो की पुढे नेतो, यावर ते ठरेल. पालकांनी फीचा आणि पुस्तकांचा खर्च सोसताना हे ध्यानात ठेवावे. कोणत्याही कंपनीला उचलून नेता येणार नाही अशी तीच एक गुंतवणूक आहे.