कोरड्या हवेचा कारखाना

वसमतच्या बाजारात हळद घेताना व्यापारी हळकुंड मोडून पाहतो. कडकन मोडलं तर भाव, लवलं तर ओलावा. लिथियम बॅटरीच्या कारखान्यातही ओलाव्याचीच धास्ती असते, फक्त परीक्षा शेकडो पटींनी कडक.

पावसाळ्यात आपल्याकडच्या एका घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम पाणी असतं. बॅटरीतला एकेक सेल जिथे सीलबंद होतो, त्या ‘ड्राय रूम’मध्ये ते एक दशांश ग्रॅमच्या आसपास ठेवावं लागतं. जास्त झालं, तर सेलमधल्या लिथियमच्या क्षाराशी पाण्याचा संयोग होऊन आम्ल तयार होतं आणि सेल आतूनच खराब होतो. कामगाराच्या श्वासातला ओलावासुद्धा जड जातो, म्हणून खोलीत माणसं मोजूनच सोडतात. हवा कोरडी करणारी यंत्रं रात्रंदिवस चालतात. वीज गेली की माल गेला.

दुसरी अडचण वेळेची. सेलच्या आतल्या, केसाहून पातळ तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप एकसारखा बसला की नाही, हे कधी कधी सेल चार्ज करून काही आठवडे ठेवल्यावरच कळतं. तोवर तोच दोष हजारो सेलमध्ये गेलेला असतो.

या अडचणी नुसत्या पैशानं सुटत नाहीत. बॅटरीचे सेल बनवणाऱ्या स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीकडे पैसा होता, मोठी गिऱ्हाइकं होती. पण ठरल्याप्रमाणे चांगले सेल निघेनात. बीएमडब्ल्यूनं मोठी ऑर्डर रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. आपल्या केंद्र सरकारनंही २०२१ मध्ये सेलनिर्मितीसाठी १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, पण कारखाने वेळापत्रकाच्या मागे पडले. यंत्रसामग्री बहुतेक चीन, कोरिया, जपानची. ती बसवून देणारे तंत्रज्ञही तिकडचेच.

मराठवाड्यात बिडकीनला एथर कंपनीनं २०२४ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आणि बॅटरी पॅकचा प्रकल्प जाहीर केला. पॅक म्हणजे तयार सेलांची जोडणी. प्रत्यक्ष सेल बनवणं त्याहून कितीतरी अवघड. म्हणून अशी बातमी ऐकली, की कोटींच्या आकड्यावर थांबू नका. सेल इथे बनणार की नुसती जोडणी? अखंड वीज कुठून येणार? यंत्र बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हिंगोली-परभणीच्या आयटीआयमधली मुलं होऊ शकतात. पण त्यांना हे काम कारखाना उभा राहण्याच्या दोन-तीन वर्षं आधी शिकवायला हवं. उद्घाटनानंतर वर्ग सुरू केले, तर माणसं बाहेरूनच येतील.