श्वानांचे कूळ आणि शील



‘खाण तशी माती’ ही म्हण आपण माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही लावतो. अमुक जातीचा तो रागीट, तमुक जातीचा तो प्रेमळ, असे बिनदिक्कत ठरवतो. ब्रिटनमध्ये तर १९९१ च्या कायद्याने काही प्रकारचे कुत्रे केवळ वाणावरून निषिद्ध ठरले.

या समजुतीची कसोटी अमेरिकेत कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांविषयी त्यांच्या मालकांना प्रश्न विचारले; २,१५५ कुत्र्यांचे जनुकसंच तपासले. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : कुत्र्याकुत्र्यांतील वर्तनभेदापैकी सुमारे ९ टक्केच भेद जातीने उलगडतो. आज्ञाधारकपणात जातीचा ठसा काहीसा दिसतो. चटकन चिडण्यात तो जवळजवळ नाहीच.

म्हणजे आनुवंशिकता खोटी, असे नव्हे. स्वभावाला जनुकांचा आधार आहेच. परंतु तो जातीच्या शिक्क्यात मावत नाही. आजच्या बहुतेक जाती जेमतेम दीडदोनशे वर्षांच्या, आणि त्या घडल्या प्रामुख्याने रूपाच्या निवडीतून. वर्तनाची मुळे त्याहून कितीतरी जुनी आहेत.

तेव्हा दारी आलेल्या मुक्या जिवाचे कूळ विचारण्याआधी त्याचे शील पाहावे, एवढीच विनंती.