आधी ताट, मग तक्ता

(नवी मुंबईत किशोरवयीन मुलींच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजच्या सत्राचा विषय कागदावर 'तरुण मुलं-मुली आणि सकस आहार : प्रेरणा व आत्मविश्वास' असा छापला आहे. विषय भारदस्त आहे. मी मात्र बोलणार आहे ते तुर्भ्याच्या एका वस्तीतल्या मुलींच्या गटाबद्दल, आणि तिथं माझ्या हातून झालेल्या चुकांबद्दल. त्यातूनच मला हा विषय थोडाफार कळला.

एम.एस.डब्ल्यू. करून मी कामाला लागले तेव्हा माझ्या पिशवीत चौरस आहाराचा एक रंगीत तक्ता असायचा. कडधान्यं, पालेभाज्या, दूध, अंडी, फळं. तो भिंतीला लावायचा, तासभर बोलायचं आणि 'समजलं ना?' विचारायचं. मुली एका सुरात 'हो' म्हणायच्या. एकदा दहावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, हे सगळं आम्हाला पाठ आहे. परीक्षेत लिहिलंय. पण आमच्याकडे मी जेवायला बसते तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो. त्याचं काय करायचं ते सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्ता गुंडाळून मी घरी आले.

माहितीचा अभाव हा इथला मुख्य प्रश्न नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. आकडेच बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. पाळीमुळे मुलींच्या शरीरातलं लोह जातं, हे खरं. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागतं आणि मुलाला २६. म्हणजे ताटात जास्त हवं ते मुलीच्या. प्रत्यक्षात घराघरांत उलटं चालतं. अंडं भावाला, कारण तो 'वाढत्या वयाचा'. जणू मुलगी त्या वयात वाढतच नाही!

मग आम्ही तक्ता सोडला आणि वही धरली. प्रत्येकीनं आठवडाभर तीनच गोष्टी लिहायच्या: काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, कुणी वाढलं. वह्या वाचताना मीच गप्प झाले. पहाटे नळाला पाणी येतं, ते भरण्यात सकाळ जाते, म्हणून न्याहारी नाही. चहात बुडवलेला एखादा पाव, नाहीतर नुसता चहा. शाळेच्या सुट्टीत वडापाव किंवा पाच-दहा रुपयांचं वेफर्सचं पाकीट. पहिलं धड जेवण दुपारी तीनला. रात्री सगळ्यांच्या शेवटी. आणि 'कुणी वाढलं' या रकान्यात जवळपास रोज एकच शब्द: 'मीच'. सगळ्यांना वाढणारी तीच आणि स्वतःला कमी वाढून घेणारीही तीच. हे तिला कुणी बसवून शिकवलेलं नाही. आईला बघून ती शिकली आहे.

आता माझी चूक सांगते. याच सुमारास आम्ही रक्ततपासणी करून घेतली. निकाल आल्यावर मी उत्साहाच्या भरात एकेकीचं नाव घेऊन सगळ्यांसमोर हिमोग्लोबिनचे आकडे वाचले. वाटलं, यातून मुलींना ईर्ष्या वाटेल. जिचा आकडा सगळ्यात कमी होता तिच्याकडे बघून दोघी-तिघी हसल्या. ती मुलगी पुन्हा गटात आली नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. दोन्ही वेळा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. लाज वाटून कुणी नीट खायला लागत नाही, हे मी तिच्याकडून शिकले. त्याची किंमत मात्र तिनं दिली. तेव्हापासून कुणाचं वजन, कुणाचा आकडा मी चारचौघांत उच्चारत नाही. तुम्हीही उच्चारू नका.

प्रेरणा म्हणजे काय, याचाही आपण नीट विचार करायला हवा. आपण मुलींना काय सांगतो? 'नीट खा, उद्या तुला मूल व्हायचंय.' सरकारी भित्तिपत्रकंही बहुधा हेच सांगतात. सोळा वर्षांच्या मुलीचं शरीर हे आपण उद्याच्या बाळाचं कोठार मानतो आणि मग तिला प्रेरणा का मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावतो. दुसरीकडे जाहिराती आणि हातातला मोबाइल तिला बारीक हो, गोरी हो म्हणून सांगत असतात. वाशी-नेरूळच्या सोसायट्यांतल्या कॉलेजच्या मुली घरात सगळं असून जेवण टाळतात. ऐरोली-महापेच्या ऑफिसांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पोरी चहा-बिस्किटांवर रात्र काढतात. एकीच्या ताटात पडत नाही, दुसरी ताट दूर सारते. दोघींनाही आपलं शरीर आपल्यासाठी आहे असं वाटत नाही, हे दोघींतलं साम्य.

आमच्या गटात प्रेरणा आली ती भलत्याच वाटेनं. एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सरावात तिला दुसऱ्या फेरीतच धाप लागायची, आणि एकदा ती चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. असावं लागतं किमान १२. तिनं डॉक्टरांना विचारलं, "किती दिवसांत धावता येईल?" तिला बाळ नको होतं, फिगर नको होती. तिला धावायचं होतं. खाण्याला पहिल्यांदाच तिचं स्वतःचं कारण मिळालं.

आता आत्मविश्वास. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून बघितल्यानं, आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहिल्यानं, जवळच्या माणसाच्या धीराच्या शब्दानं आणि शरीर-मनाला जाणवणाऱ्या फरकानं. अभ्यासक्रमात मी हे वाचलं होतं. वस्तीत ते दिसलं.

आम्ही ठरवलं, पंधरवड्याला एकच बदल करायचा, तोही घरात पैसे न मागता जमेल असा. पहिला बदल चहाचा. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं म्हटलं आहे. याला एक पैसा लागत नाही. दुसरा बदल लिंबाचा: डाळीवर, पालेभाजीवर पिळायचं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. तिसरा, रात्री मूठभर हरभरे भिजत घालायचे आणि सकाळी गुळाबरोबर खाऊन घराबाहेर पडायचं. मग मुलीच सांगू लागल्या. मराठवाड्यातून आलेल्या घरांत बाजरी होती, शेवग्याचा पाला होता. जवळच्या गावातल्या आगरी मुलींच्या आज्यांना जवळा, सुकट, नाचणी ठाऊक होती. खाडी आणि भातशेती होती तेव्हा हे रोजचं खाणं होतं. शहर आलं आणि ते 'गावंढळ' ठरलं. एका मुलीनं डब्यात जवळ्याची चटणी आणली तेव्हा आधी नाकं मुरडली गेली. पुढच्या आठवड्यात तिघींनी आणली.

सगळ्यात अवघड बदल होता एकत्र जेवायला बसण्याचा. 'मी सगळ्यांबरोबर बसणार' एवढं म्हणायला एका मुलीला दोन महिने लागले. तिनं गटात त्याचा सराव केला, अगदी नाटकासारखा. घरी म्हटलं तेव्हा आजी रागावली. पण धाकटा भाऊ उठला आणि त्यानं वाढायला घेतलं. हे आम्ही ठरवलं नव्हतं. तेव्हापासून मुलांचाही गट घेतो. जिमच्या पावडरीवर पैसे घालवणाऱ्या मुलांनाही हरभऱ्याची गोष्ट सांगावी लागतेच.

एक स्पष्ट सांगते. रक्तक्षय इतका वाढलेला असताना नुसत्या लिंबा-गुळानं भागत नाही. गोळ्या लागतात, डॉक्टर लागतो. भरतीवाल्या मुलीनं दोन्ही केलं. काही महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं आणि तिनं ८०० मीटर पूर्ण केले. भरतीत ती निवडली गेली नाही. पुन्हा तयारी करते आहे. शाळांतून आठवड्याला एक निळी लोहगोळी देण्याची योजना आहे. पण मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मुली गोळी खिडकीतून टाकतात. काळं होणं धोक्याचं नाही, गोळी जेवल्यावर घ्यावी, एवढं कुणी सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि आता आपल्या मागण्यांविषयी. शाळेतला दुपारचा आहार आठवीपर्यंत मिळतो. नववीत, जेव्हा मुलीचं शरीर सगळ्यात जास्त मागतं, तेव्हा तो बंद होतो. १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी केंद्राची पोषण योजना आहे, पण ती आकांक्षित जिल्हे आणि ईशान्येकडच्या राज्यांपुरती. तुर्भ्याची मुलगी त्यात बसत नाही. हा आहार बारावीपर्यंत हवा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा २०२० चा केंद्रीय नियम आहे. आपापल्या वस्तीतल्या शाळेसमोर उभं राहून बघा. मात्र तिथं वडापाव विकणारी बाईही आपलीच आहे. तिला हुसकावून लावू नका, तिच्या गाडीवर उकडलेले चणे आणि अंडी कशी येतील ते तिच्याबरोबर बसून ठरवा.

शेवटी एक विचारते, रागावू नका. आज सकाळी घरून निघताना तुमच्यापैकी किती जणी काही खाऊन निघाल्या? ...हात मोजण्यासारखेच आहेत. माझाही वर नाही. मुली आपलं भाषण ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात. जेवणाची सुट्टी एकला आहे. आज आपण सगळ्या एकदम बसू. कुणीही मागे थांबायचं नाही. वाढण्याचं काम संयोजक मंडळातल्या पुरुष कार्यकर्त्यांनी घेतलं आहे. आणि चहा दोनच्या नंतर.