पाठीवरचे ओझे



मुले तीन-चार दिवस डोंगरात निघाली की आई पिशवी ठासून भरते. परंतु ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावे. कळसूबाई १६४६ मीटर उंच. हिवाळ्यात तेथील रात्र बोचरी असते. भिजलेले सुती कापड अंगाची ऊब घालवते. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. ओले कपडे, वारा व थंडी एकत्र आली की जिवावर बेतते. म्हणून रात्रीसाठी लोकरी स्वेटर व एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा. चालताना तो घालू नये. जड सामान पाठीलगत. पाणी, विजेरी, औषधे हाताशी ठेवावीत.

पालकहो, मुलामुलींना अडवू नका. पिशवी त्यांनाच भरू द्या. आपण फक्त तपासा.