पानावरचा चौकोन



मुलांचं पाठ्यपुस्तक जरा हातात घ्या.
पानावर एक छोटा चौकोन दिसेल.
काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा.
हा क्यूआर कोड.
मोबाइलनं तो टिपला, की धड्याचं साहित्य उघडतं.
कधी चित्रफीत, कधी कविता, अगदी चालीसकट.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत हा प्रयोग आधी झाला.
साध्या जिल्हा परिषद शाळेत.
गुरुजी होते रणजितसिंह डिसले.
पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले.
२०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ हा शिक्षकांसाठीचा जागतिक पुरस्कार मिळाला.
पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली!

मला मात्र त्याआधीची गोष्ट मोठी वाटते.
तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, असं सांगितलं जातं.
मग गुरुजी स्वतः कन्नड शिकले.
आधी भाषा, मग यंत्र.

आज घरी करून बघा.
कोड टिपा.
कविता एकदा ऐका.
मग मोबाइल बाजूला ठेवा.
आता तीच कविता मुलाला बोट ठेवून वाचू द्या.
अडखळलं, तर थांबा.
लगेच शब्द सांगू नका.
पुन्हा सांगते, यंत्र फक्त मदतीला, महत्त्वाची भाषाच.

आणि हो, चुरगळलेलं पान आधी सपाट करा.
दुमडलेला कोड मोबाइललाही नीट वाचता येतोच असं नाही.