काट्याचा इशारा

आरोग्य केंद्राच्या जुन्या जीपगाडीत इंजिनाचे तापमान दाखविणारा काटा वरखाली होऊ लागला की चालक प्रथम काट्यालाच दोष देतो. ही घाई महागात पडते. इंजिन पूर्ण निवल्यावर रेडिएटरमधील पाणी पाहावे. तापलेले झाकण कदापि उघडू नये. पाणी उतरले असल्यास सेन्सर कोरडा राहून काटा खोटा गारवा दाखवू शकतो. पाणी पुरेसे असून इंधनाचा काटाही सोबत डुलत असेल, तर दोष बहुधा दोहोंच्या सामाईक वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये असतो. एकटाच काटा हलत असेल, तर सेन्सरची तार तपासावी, गंजलेले टोक घासून स्वच्छ करावे. दोष सापडेपर्यंत काट्याचा इशारा खराच मानावा. अतितापाने इंजिनाचे हेड वाकले, तर रुग्णाला नेणारी गाडी आडवाटेवरच थांबते.